हाली आणि कळदार

उदगीरच्या डाळ मिलमधून सव्वासातला फोन:
"मॅडम, काटा बोलंना झालाय."
मागं ट्रॅक्टरांची फटफट,
भुजंगप्पा मुनिमांचा आवाज
चाळणीतून गाळून आल्यासारखा.

रात्री मीच तर पाठवला होता नवा प्रोग्रॅम.
लातुरात, औसा रोडवरच्या खोलीत बांधलेला.
कंपायलर नवा, एसडीके त्याहून नवा,
इशारे शून्य.
मी चक्क झोपले होते.

काट्याच्या खोलीतला संगणक दोन हजार नऊचा.
काट्याचा ड्रायव्हर फक्त त्याच्यावरच चालतो,
तो ज्या कंपनीनं लिहिला
तिच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.
पडद्यावर एकच ओळ:
हे नाव सापडलं नाही.

नाव होतं की. माझ्याकडं होतं.
हेडरमध्ये छापलेलं,
लिंकरनं मान डोलावलेलं.
पण हेडर म्हणजे नुसती लग्नपत्रिका;
खाली "आपले नम्र" म्हणून जितकी नावं
तितकी माणसं मांडवात असतीलच, असं नाही.

हे मुनिमांना कसं सांगावं?
म्हटलं, अप्पा, माझ्याकडची सिस्टिम नवी, तुमची जुनी,
मी जे मागते ते तुमच्याकडं अजून जन्मलेलंच नाही.
ते थोडं थांबले.
"म्हंजे हाली-कळदार," म्हणाले.
"आमचे वडील सोलापुरात सरकी विकून यायचे,
खिशात कळदार.
इकडं निजामाचं हाली.
रुपया तो रुपयाच की ओ, चांदी ती चांदीच,
पण दुकानदार आधी छाप बघायचा.
शंभराला सोळा वर, मग पुढची बात."

बारा ट्रक रांगेत. तूर ओली होण्याची भीती नाही,
ड्रायव्हर तापण्याची आहे.
मी किमान आवृत्ती खाली ओढली,
एक पायरी, अजून एक,
जुन्या विहिरीत उतरताना
पाय ठेवण्याआधी दगड चाचपावा तशी.
प्रत्येक पायरीला एखादं नाव गळत गेलं
आणि त्याच्या जागी मी हातानं काहीतरी ठोकलं.

दुपारी उदगीर सुरू.
साडेचारला देगलूर बंद.
त्यांनी दिवाळीआधीच मशीन बदललेलं,
तिथं सगळं उलटं: मी ज्याला धरून उभी होते
ते जुनं नावच नव्या सिस्टिमनं खोडलेलं.

मग लिहिलं, आधी विचार: आहेस का?
असशील तर नावानं हाक मारते,
नसशील तर मागच्या दारानं येते,
उशिरानं, चार ओळी जास्त.
इतकी साधी रीत.
ही मला कुठल्याच कॉलेजात कुणी शिकवली नाही
आणि घरात तर मीही पाळत नाही.

आता गंजगोलाईमागच्या भंगारातून आणलेला
एक तसलाच डबा टेबलाखाली आहे.
बांधायचं ते त्याच्यावर;
जुन्यावर बांधलं तर नव्यावर बहुतेक चालतं,
नव्यावर बांधलेलं जुन्याला ओळखत नाही.
"बहुतेक" हा शब्द मी बिलात लिहीत नाही.
डब्यावर चिकटपट्टी: अपडेट करू नये.
तस्लीमनं विचारलं, "किती दिवस, मॅडम?"
मी म्हटलं, उदगीरचा काटा आहे तोवर.
"आणि काटा किती दिवस?"
तिला चहा आणायला पाठवलं.

खंडेनवमीला अवजारं मांडली.
लॅपटॉप, केबलींचं भेंडोळं, डबा.
झेंडू तस्लीमनंच आणला, तिच्या भावाचा गाडा आहे.
डब्याला तिनं दोन फुलं जास्त वाहिली.

परवापासून त्याचा पंखा खडखडतो.
उघडून बघायला हवं. पाकळी असणार.
पण आत्ता बांधणं एकसष्ट टक्क्यांवर आहे,
भुजंगप्पांचा फोन आलेला नाही,
आणि ज्याला आज बंद केलं
ते उद्या चालू होईल की नाही
हे मला नक्की माहीत नाही.
खडखडू दे.